त्वचेची ॲलर्जी आणि एन्झाइम : कोणते औषध उपयोगाचे, कोणते नुसते नावाचे?

थोडक्यात

- इसबात (एक्झिमा) त्वचेतली प्रथिने कापणारी एन्झाइम्स गरजेपेक्षा जास्त काम करतात. त्यामुळे इसबावर ज्या औषधांचा उपयोग सिद्ध झाला आहे, त्यांतली बरीचशी शरीरातल्या एखाद्या एन्झाइमला आवर घालतात, बाहेरून एन्झाइम देत नाहीत.
- सेराटिओपेप्टिडेज, ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन, ब्रोमेलेन या ‘सुजेवरच्या’ एन्झाइम गोळ्यांनी इसब किंवा अंगावर उठणारे पित्त बरे होते, असा भक्कम पुरावा नाही.
- त्वचेची एन्झाइम्स ताळ्यावर ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे सौम्य साबण आणि भरपूर मॉइश्चरायझर.
- खाज म्हणजे ॲलर्जीच असे नाही. खरूज आणि नायटा यांवर उपचार वेगळे असतात.

हा लेख कोणत्या आजाराबद्दल आहे?

‘त्वचेची ॲलर्जी’ या एका नावाखाली आपण निरनिराळे आजार घालतो. उपचार कळायचे तर आधी ते वेगळे करावे लागतात.

इसब, म्हणजे ॲटोपिक डर्मटायटिस, बहुतेकदा लहानपणी सुरू होतो. तान्ह्या बाळाच्या गालांवर, मोठ्या मुलांच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत, मोठ्यांच्या मानेवर आणि हातांवर तो दिसतो. त्वचा कोरडी, खडबडीत, लालसर किंवा सावळ्या रंगावर काळपट दिसते आणि खाज रात्री झोपू देत नाही. घरात कोणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असते.

अंगावर पित्त उठणे, म्हणजे अर्टिकेरिया, यात गांधी येतात आणि एक गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत मागमूस न ठेवता जाते. संपर्कातून होणारा त्वचादाह म्हणजे नकली दागिने, केसांचा डाय, सिमेंट, रबरी चप्पल अशा वस्तू लागल्या तिथेच उठणारा पुरळ.

या लेखात मुख्यतः इसबाचा विचार केला आहे, कारण एन्झाइमवर सर्वांत जास्त संशोधन त्यातच झाले आहे. पित्ताचा उल्लेख गरजेपुरता येईल.

एन्झाइम म्हणजे काय?

एन्झाइमला शाळेच्या पुस्तकात ‘विकर’ म्हणतात. शरीरातली रासायनिक कामे वेगाने घडवून आणणारी ही प्रथिने. लाळेतले एन्झाइम भाकरीतल्या पिष्टाचे तुकडे करते, पोटातले डाळीतली प्रथिने तोडते. एक एन्झाइम सहसा एकाच प्रकारचे काम करते आणि ते ठरावीक तापमानाला व ठरावीक आम्लतेलाच नीट चालते. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे त्यांची गरज पडेल.

निरोगी त्वचेत एन्झाइम्स काय करतात?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर भिंतीसारखा असतो. चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधली चरबी म्हणजे सिमेंट. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे प्रथिनांचे टाकेही असतात. जुन्या पेशी रोज गळून पडायच्या तर हे टाके उसवावे लागतात. ते काम कॅलिक्रेन नावाची प्रथिने कापणारी एन्झाइम्स करतात. त्यांनी जास्त कापू नये म्हणून त्वचा ‘लेक्टी’ नावाचे एक प्रथिन तयार करते, ते या एन्झाइम्सना लगाम घालते.

दुसरी एन्झाइम्स उलट, भिंत बांधण्याचे काम करतात. ती सिरॅमाइड नावाची चरबी तयार करतात, म्हणजेच विटांमधले सिमेंट.

निरोगी त्वचा किंचित आम्ल असते. तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो. एवढ्या आम्लतेत भिंत बांधणारी एन्झाइम्स नीट चालतात आणि टाके उसवणारी आटोक्यात राहतात. आपला नेहमीचा अंगाचा साबण मात्र अल्कलीयुक्त असतो, त्याचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. साबण लावून लावून त्वचेची आम्लता कमी झाली की उसवणे वाढते आणि बांधणे मंदावते. निरोगी त्वचा काही तासांत सावरते. इसबाच्या त्वचेला ते जमत नाही.

लगामच नसेल तर काय होते हे नेदर्टन सिंड्रोम या दुर्मिळ जन्मजात आजारात दिसते. त्यात लेक्टी बनवणारे जनुक बिघडलेले असते. बाळ लाल, सालपटे निघणाऱ्या त्वचेसह जन्मते आणि पुढे त्याला तीव्र ॲलर्जीही होतात. जनुकातला हा दोष २००० साली सापडला. त्यातून एक गोष्ट पक्की झाली : त्वचेची भिंत फुटली की ॲलर्जी मागोमाग येऊ शकते. २००६ मध्ये फिलाग्रिन या त्वचेतल्या प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि नेहमीचा इसब यांचा संबंध दिसून आला, तेव्हा या विचाराला आणखी बळ मिळाले.

इसबात बाहेरचीही एन्झाइम्स भर घालतात

*धुळीतले सूक्ष्म किडे.* गाद्या, उश्या, गोधड्या यांत डोळ्यांना न दिसणारे धूळकीटक (डस्ट माइट) राहतात. त्यांच्या विष्ठेतला मुख्य ॲलर्जीकारक घटक हे स्वतःच प्रथिने कापणारे एन्झाइम आहे. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हे त्याच्याच कुळातले. हे एन्झाइम आधीच कमकुवत झालेल्या त्वचेत वाट करून आत शिरते आणि प्रतिकारशक्तीला चिथावते.

*त्वचेवरचे जिवाणू.* स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू इसबाच्या चट्ट्यांवर सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये सापडतो. तोही प्रथिने कापणारी एन्झाइम्स सोडतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवले की या जिवाणूचे ‘व्ही-८’ नावाचे एन्झाइम त्वचेतल्या मज्जातंतूंवरची एक कळ थेट दाबते आणि खाज सुरू होते. ती कळ अडवणारे एक औषध आधीपासून उपलब्ध होते. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे व्होरापॅक्सर. ते दिल्यावर उंदरांचे खाजवणे कमी झाले. माणसांसाठी हा उपचार अजून नाही आणि हे औषध खाजेसाठी घ्यायचे नाही, कारण त्याने रक्तस्राव होऊ शकतो. पण ‘खाज आधी की जिवाणू आधी’ या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी या प्रयोगाने बदलली.

*आपल्याच मास्ट पेशी.* पित्त उठते तेव्हा मास्ट पेशींतून हिस्टामिन बाहेर पडते, सोबत ट्रिप्टेज नावाचे एन्झाइमही. ॲलर्जीचा जीवघेणा झटका येऊन गेला असे वाटले तर निदानासाठी रक्तातले ट्रिप्टेज मोजतात.

म्हणजे इसबाच्या त्वचेत कापणाऱ्या एन्झाइम्सची कमतरता नसते, उलट ती जास्तच असतात. अशा रुग्णाला प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमची आणखी एक गोळी देण्यामागे तर्क कमकुवतच आहे.

एन्झाइम रोखणारी औषधे

ही औषधे ‘एन्झाइमचे औषध’ म्हणून ओळखली जात नाहीत, पण प्रत्येकाचा नेम एखाद्या एन्झाइमवरच असतो. सगळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरायची आहेत.

*टॅक्रोलिमस आणि पिमेक्रोलिमस.* ही कॅल्सिन्यूरिन हे एन्झाइम अडवतात. या एन्झाइमशिवाय दाह पेटवणाऱ्या टी-पेशी कामाला लागत नाहीत. टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. त्याचे मलम ०.०३ टक्के आणि ०.१ टक्के अशा दोन ताकदींत येते, लहान मुलांना दोन वर्षांच्या पुढे ०.०३ टक्क्यांचे देतात. त्याने त्वचा पातळ होत नाही, म्हणून पापण्या, चेहरा, मान आणि काखा अशा नाजूक जागी ते सोयीचे पडते. पहिले काही दिवस लावल्यावर चांगलीच जळजळ होते. अनेक जण ‘मलम लागत नाही’ म्हणून ते तिथेच सोडतात. नियमित लावले तर ही जळजळ सहसा आठवड्याभरात कमी होते.

*पीडीई-४ रोखणारी मलमे.* पीडीई-४ हे एन्झाइम दाह शमवणारा पेशीतला एक संदेश तोडून टाकते. त्याला रोखले की संदेश टिकतो आणि दाह ओसरतो. क्रिसाबोरोल या मलमाला अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये सौम्य ते मध्यम इसबासाठी मान्यता दिली. पुढे २०२० मध्ये तीन महिन्यांच्या बाळापासून वापरायला परवानगी मिळाली. २०२४ मध्ये याच गटातल्या रोफ्लुमिलास्टच्या ०.१५ टक्के क्रीमला सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी मान्यता मिळाली. यांत स्टेरॉइड नाही, पण क्रिसाबोरोलने काहींना जळजळ होते आणि परिणाम सावकाश दिसतो.

*जेएके रोखणारी औषधे.* जानस कायनेज (जेएके) ही एन्झाइम्स खाजेचे आणि दाहाचे संदेश पेशीच्या आत पोहोचवतात. ती अडवली की खाज काही दिवसांतच कमी होऊ शकते. अमेरिकेत रुक्सोलिटिनिब क्रीमला २०२१ मध्ये, तर ॲब्रोसिटिनिब आणि उपाडासिटिनिब या गोळ्यांना जानेवारी २०२२ मध्ये इसबासाठी मान्यता मिळाली. कोविडच्या काळात ज्याचे नाव बऱ्याच जणांनी ऐकले ते बॅरिसिटिनिबही याच गटातले.

या गोळ्या तीव्र, इतर उपचारांना न जुमानणाऱ्या इसबासाठी आहेत. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. गंभीर जंतुसंसर्ग, नागीण, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार आणि कर्करोग यांचा इशारा या गटावर दिलेला आहे. आपल्याकडे सुप्त क्षयरोग सर्रास आढळतो, त्यामुळे सुरू करण्याआधी क्षयाची आणि काविळीच्या विषाणूंची तपासणी करावीच लागते, नंतरही ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. शेजाऱ्याला गुण आला म्हणून त्याच्या चिठ्ठीवर आणायची ही गोळी नव्हे.

एन्झाइम ‘देऊन’ उपचार : कुठवर आले आहे?

*सुजेवरच्या गोळ्या.* सेराटिओपेप्टिडेज हे रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळवलेले एन्झाइम. दात काढल्यावर, मार लागल्यावर, शस्त्रक्रियेनंतर ते आपल्याकडे खूप दिले जाते, बऱ्याचदा एखाद्या वेदनाशामकाच्या जोडीने एकाच गोळीत. जपानमध्ये हे औषध अनेक दशके विकले गेले. नंतर औषध नसलेल्या खोट्या गोळीशी तुलना केली तेव्हा त्याचा सरस परिणाम दिसला नाही आणि २०११ मध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेण्यात आले. ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन आणि अननसातले ब्रोमेलेन यांच्याबाबतही, इसब बरा होतो असे दाखवणारे चांगले अभ्यास नाहीत.

इथे एक धोकाही आहे. या गोळ्यांत अनेकदा डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक मिसळलेले असते. अंगावर वारंवार पित्त उठणाऱ्या काही रुग्णांमध्ये याच वेदनाशामकांनी गांधी आणखी उठतात, ओठ आणि पापण्या सुजतात. म्हणजे सूज उतरावी म्हणून घेतलेली गोळीच सूज वाढवते. घरात अशी गोळी असेल तर पाकिटाच्या मागे लिहिलेली सगळी नावे वाचा. रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर एन्झाइमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

*डीएओ.* डायअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम आतड्यात अन्नातल्या हिस्टामिनचे विघटन करते. त्याच्या कॅप्सूल ‘ॲलर्जीवर नैसर्गिक उपाय’ म्हणून विकल्या जातात. पित्ताच्या काही रुग्णांना थोडा फायदा झाल्याचे छोटे अभ्यास आहेत. पण ते एन्झाइम काम करते ते आतड्यात, अन्नातल्या हिस्टामिनवर. त्वचेत मास्ट पेशींनी सोडलेल्या हिस्टामिनपर्यंत ते पोहोचत नाही. बऱ्याच कॅप्सूल डुकराच्या मूत्रपिंडापासून बनवतात, हेही शाकाहारी कुटुंबांना माहीत असावे.

*जिवाणू फोडणारे एन्झाइम.* ही कल्पना मला सर्वांत देखणी वाटते. जिवाणूंना मारणारे काही विषाणू जिवाणूची भिंत फोडण्यासाठी एन्डोलायसिन नावाचे एन्झाइम वापरतात. तसेच एन्झाइम क्रीममध्ये घालून फक्त स्टॅफिलोकॉकस ऑरियस मारायचा आणि त्वचेवरचे उपयोगी जिवाणू तसेच ठेवायचे. नेदरलँड्समध्ये इसबाच्या १०० रुग्णांवर बारा आठवडे हे करून पाहिले. क्रीम सुरक्षित होते, पण स्टेरॉइड मलमाची गरज त्याने कमी झाली नाही. २०१९ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत पटणारी गोष्ट रुग्णावर चालेलच असे नाही, हे यातून दिसते.

*सुपरऑक्साइड डिसम्युटेज.* पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे उग्र कण शमवणारे हे एन्झाइम. ॲलर्जीचा त्वचादाह असलेल्या उंदरांमध्ये त्याने सूज आणि खाज कमी होते असे प्रयोगांत दिसले आहे. माणसांच्या इसबासाठी ते अजून औषध म्हणून सिद्ध झालेले नाही. जाहिरातीत ‘संशोधनाने सिद्ध’ असे दिसले तर संशोधन कोणावर, उंदरावर की माणसावर, हा प्रश्न विचारा.

*गोळीतले एन्झाइम त्वचेपर्यंत का पोहोचत नाही?* एन्झाइम हे प्रथिन आहे. गिळले की पोट त्याला अंड्यातल्या किंवा डाळीतल्या प्रथिनासारखेच पचवू लागते. गोळीवर आवरण घालून ते आतड्यापर्यंत नेता येते, पण एवढा मोठा रेणू रक्तात जाऊन त्वचेत योग्य जागी, योग्य प्रमाणात काम करेल ही अपेक्षा फार मोठी आहे.

याचा अर्थ एन्झाइमचे औषध कधीच चालत नाही असा नाही. स्वादुपिंड निकामी झालेल्या रुग्णाला जेवणासोबत पाचक एन्झाइम्स द्यावीच लागतात, कारण त्यांचे काम आतड्यातच असते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारी इंजेक्शने थेट शिरेतून देतात. भाजलेल्या जखमेवरची मेलेली त्वचा काढण्यासाठी ब्रोमेलेनयुक्त लेप रुग्णालयात वापरतात. या तिन्ही ठिकाणी एन्झाइम हवे तिथे पोहोचते आणि कापायचे काय हे ठरलेले असते. इसबात त्वचा जिवंत असते आणि आधीच उसवलेली असते.

एन्झाइममुळेच ॲलर्जी होऊ शकते

- कच्च्या पपईचा चीक किंवा पपई-अननसाचा लेप इसबाच्या त्वचेवर लावू नका. त्यातली एन्झाइम्स भिंत आणखी उसवतात, शिवाय पपेनची ॲलर्जीही होते. जखमांवर लावायच्या, मान्यता नसलेल्या पपेनच्या मलमांमुळे गंभीर ॲलर्जी झाल्यावर अमेरिकेच्या नियामक संस्थेने २००८ मध्ये त्यांची विक्री थांबवायला सांगितले होते.
- कपडे धुण्याच्या पावडरीत डाग काढणारी एन्झाइम्स असतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अशा पावडरी बनवणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना एन्झाइमची भुकटी श्वासातून गेल्याने दमा झाला. पुढे ती दाणेदार आणि आवरणाची करण्यात आली. घरी कपडे नीट खंगाळले तर या एन्झाइम्समुळे इसब वाढतो असे सहसा दिसत नाही. पण इसब असलेल्या हातांनी बादलीत पावडर कालवत राहिल्यास साबणामुळे त्रास होतो. आतून सुती हातमोजे आणि वर रबरी हातमोजे घाला, कपडे एकदा जास्त खंगाळा.

घरी काय करायचे?

वाचायला साधे वाटेल, पण त्वचेची एन्झाइम्स ताळ्यावर आणण्याचा उपाय हाच आहे.

१. अंघोळ रोज एकदा, कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटे. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबते आणि नंतर दुप्पट होते.

२. साबणाऐवजी त्वचेच्या आम्लतेशी जुळणारा सौम्य ‘सिंडेट’ बार किंवा क्लीन्झर वापरा. तो परवडत नसेल तर साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्यालाच लावा. बेसन, उटणे, घासणी यांनी चट्टे घासू नका. अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव ओतू नका.

३. अंग टिपून घ्या आणि ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. दिवसातून किमान दोनदा. अंगभर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त लागू शकते, छोटी ट्यूब महिनाभर पुरवण्यात अर्थ नाही. बिनवासाची साधी पेट्रोलियम जेलीही चालते. घाण्याचे खोबरेल तेलही वाईट नाही. फिलिपिन्समध्ये मुलांवर झालेल्या एका अभ्यासात शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल मात्र टाळा.

४. डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड मलम भीतीपोटी अर्धवट सोडू नका. प्रमाण सोपे आहे : मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेऱ्यापर्यंत पिळलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. किती दिवस लावायचे आणि कसे कमी करायचे हे लिहून घ्या.

५. उश्या, चादरी, गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. ६० अंशांच्या पाण्यात धूळकीटक मरतात. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवेमुळे ते जास्त वाढतात. मात्र केवळ एवढ्याने इसब जाईल अशी आशा ठेवू नका.

६. मुलांची नखे कापलेली ठेवा. कपडे सुती आणि सैल घाला. घाम आला की पुसा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मेडिकलमधून आणलेल्या खाजेच्या क्रीमने दोन दिवसांत बरे वाटते, मग तेच का लावू नये?*
अशा मिश्र क्रीममध्ये बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीवरचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र असते. खाज नायट्याची असेल तर स्टेरॉइडने लाली दबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि नंतर तो नायटा ओळखायलाही अवघड होतो. जांघेत महिनोन्‌महिने लावल्यावर त्वचा पातळ होऊन पांढरट रेघा उमटतात, त्या परत जात नाहीत. घरात दोघा-तिघांना रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल तर खरूज असण्याची शक्यता जास्त. मग सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घ्यावे लागतात.

*आमसुलाचे पाणी अंगाला लावले तर चालेल का?*
पित्ताच्या गांधींवर लावल्याने गार वाटते आणि त्वचा फुटलेली नसेल तर हरकत नाही. ते हिस्टामिन अडवत नाही, त्यासाठी सेटिरिझिनसारखी गोळी लागते. इसबाच्या चिरलेल्या त्वचेला ते झोंबते, तिथे लावू नका.

*एन्झाइमची गोळी नुकसान तरी काय करणार?*
बहुतेकांना काही होत नाही, काहींना पोट बिघडते किंवा पुरळ येतो. मोठे नुकसान वेळेचे आणि पैशाचे. महिनाभराच्या कॅप्सूलच्या खर्चात चांगले मॉइश्चरायझर येते. त्या महिन्यात मूल रात्री खाजवत राहते, त्वचा जाड होते आणि जंतू शिरतात.

*लिहून दिलेली एन्झाइमची गोळी मीच बंद करू का?*
स्वादुपिंडाच्या आजारासाठी दिलेली पाचक एन्झाइम्स बंद करू नका. इतर कारणासाठी दिली असेल तर ‘ही कशासाठी आहे आणि किती दिवस?’ एवढे डॉक्टरांना विचारा. तो तुमचा हक्क आहे.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

लगेच रुग्णालयात जा, जर :

- गांधींसोबत जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली. ही ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनची वेळ आहे, गोळीची नव्हे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.
- इसबावर अचानक एकसारखे, दुखणारे, मध्ये खळगा असलेले फोड आले आणि ताप आला. हा नागिणीच्या कुळातल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो. डोळ्याजवळ असेल तर जराही थांबू नका.
- जवळजवळ सगळे अंग लाल होऊन सालपटे निघू लागली, थंडी वाजू लागली.

दोन-तीन दिवसांत दाखवा, जर चट्ट्यांतून पू किंवा मधासारखी पिवळी खपली येत असेल. आणि वर दिलेली काळजी व साधे मलम दोन आठवडे नीट वापरूनही खाज झोपू देत नसेल, तर त्वचाविकारतज्ज्ञांना दाखवा. येताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटे सोबत आणा, रिकामी असली तरी. निम्मे निदान कधीकधी त्या पिशवीतच असते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*